‘देवहंस’ नव्हे, देओहाँह

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या रविवारच्या पुरवणीत निरनिराळ्या राज्यांच्या राज्यपक्ष्यांवर जो सचित्र लेख प्रसिद्ध झाला, तो मी आवडीने वाचला. महाराष्ट्राच्या हरियलापासून सुरुवात करून लेखकाने पुष्कळ राज्ये फिरवून आणली आहेत आणि इतक्या थोड्या जागेत एवढी माहिती बसवणे सोपे नसते, याची मला जाणीव आहे. मात्र आसामच्या चौकटीत दोन चुका राहून गेल्या आहेत. पक्ष्याचे नाव ‘देवहंस’ असे देऊन त्याचा अर्थ ‘देवांचा हंस’ असा सांगितला आहे, आणि शेजारचे छायाचित्र तर त्या पक्ष्याचे नाहीच, ते नकट्या बदकाचे आहे. मी पक्षितज्ज्ञ नाही. बँकेच्या नोकरीमुळे १९८० च्या दशकात तीन वर्षे वरच्या आसामात, तिनसुकियाला राहिलो आणि निवृत्तीनंतर दोनदा मुद्दाम तिकडे जाऊन आलो, एवढाच माझा या विषयातला अधिकार. तरीही पत्र जरा लांबवतो आहे. हा पक्षी ज्या गैरसमजापायी संपत चालला आहे, तोच या दोन चुकांच्या मुळाशी आहे असे मला वाटते, आणि ते दोन ओळींच्या शुद्धिपत्रात सांगता येण्यासारखे नाही.

आधी नावाविषयी. असमिया लोक या पक्ष्याला ‘देओहाँह’ म्हणतात. ‘हाँह’ हा शब्द ‘हंस’ वरूनच आलेला आहे हे खरे, परंतु असमिया तोंडात ‘स’ चा घशातून येणारा ‘ह’ होतो आणि अर्थही खाली उतरून साधे बदक असा झाला आहे. तिनसुकियाच्या आठवडी बाजारात पाय बांधून, टोपलीत घालून विकायला ठेवलेले घरगुती बदक म्हणजेही हाँहच. ‘देओ’ चे तसेच आहे. तो ‘देव’ या शब्दाचा सख्खा भाऊ असला तरी गाभाऱ्यात बसणारा देव तो नव्हे. रानात, डोहाकाठी, जुनाट झाडावर जिची वस्ती असते आणि जिच्या वाटेला गेलेल्या माणसाला ती भोवते, अशी जी काही शक्ती लोक मानतात, तिला देओ म्हणतात. कोकणात आणि गोव्यात ज्यांचे बालपण गेले आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण आपल्या ‘देवचारा’तला देवही याच जातीचा आहे. तेव्हा मराठीत अर्थ द्यायचाच असेल तर ‘देवचार बदक’ असा द्यावा. ‘देवांचा हंस’ म्हटले की सरस्वतीच्या पायाशी बसलेला, पांढराशुभ्र, कमळांच्या तळ्यातला पक्षी डोळ्यांपुढे येतो, आणि देओहाँहाचे यातल्या एकाही गोष्टीशी नाते नाही.

हे नाव त्याला मिळाले ते त्याच्या आवाजामुळे. दिवसभर हा पक्षी दाट सावलीत गप्प बसून असतो आणि तिन्हीसांजेला चरण्यासाठी बाहेर पडतो. उडताना तो जो लांबवलेला, कापरा, विव्हळल्यासारखा हुंकार काढतो, त्याचा शेवट कधीकधी नाकातून वाजवलेल्या शिटीत होतो. मी तो प्रथम ऐकला तेव्हा मला पक्षी दिसला नव्हता. कर्जवसुलीच्या कामाने जंगलाच्या कडेच्या एका गावी गेलो होतो आणि शाखेतल्या एका असमिया सहकाऱ्याबरोबर सायकलने परतत होतो. हिवाळ्यात तिकडे पाच वाजताच अंधारून येते. झाडीच्या माथ्यावरून तो आवाज आला आणि सहकारी चटकन सायकलवरून उतरून, हँडल धरून उभा राहिला. आवाज पुढे निघून गेल्यावर त्याने फक्त ‘देओहाँह’ एवढाच शब्द उच्चारला आणि पुन्हा टांग मारली. पुढच्या वाटेत तो काही बोलला नाही. बी.कॉम. झालेला, खातेवह्यांत एका पैशाची चूक खपवून न घेणारा तो माणूस भुताखेतांवर विश्वास ठेवत असेल असे मला वाटत नाही. पण आवाज जाईपर्यंत थांबायचे, ही रीत त्याने मोडली नाही.

आता छायाचित्राविषयी. नकट्याशी गल्लत होणे मी समजू शकतो, कारण दोघांचीही डोकी पांढुरकी असून त्यांवर काळे शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके असतात आणि दोघांच्याही पाठी काळपट, चमकदार असतात. परंतु नकट्याचे पोट पांढरे असते आणि नराच्या चोचीवर काळा, मांसल कोंब असतो. (ज्याच्या नाकावर एवढा मोठा ऐवज आहे त्यालाच ‘नकटा’ म्हणण्याची लोकभाषेची ही थट्टा मला फार आवडते.) देओहाँहाच्या चोचीवर असा कोंब नसतो. चोच पिवळसर नारिंगी असते, पोट गडद तपकिरी असते आणि पंख मिटलेले असले तर सगळा पक्षी सावलीच्याच रंगाचा दिसतो. त्याचे खरे पांढरेपण पंखाच्या खांद्याकडच्या पट्ट्यात आहे, जे उडताना एकदम उघडे पडते, आणि इंग्रजीत त्याला पांढऱ्या पंखांचे बदक म्हणतात ते त्यामुळेच. सुमात्रा बेटावरच्या काही पक्ष्यांच्या अंगावर याहून पुष्कळ जास्त पांढरे असते. आकाराने तो आपल्याकडच्या कोणत्याही रानबदकापेक्षा थोराड आहे. नर तीन किलोंच्या पुढे, काही तर चार किलोंच्या जवळपास भरतात आणि पसरलेले पंख सव्वा ते दीड मीटरचे होतात. एवढा मोठा पक्षी लपून राहतो कसा, हा प्रश्न तो पाहीपर्यंत मलाही पडला होता.

तो मी पाहिला नामेरीत, काही वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत. नामेरी हे शोणितपूर जिल्ह्यातले, अरुणाचलच्या पाक्के अभयारण्याला लागून असलेले राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे जीपगाड्यांची सफर नसते. जिया भोरोली नदी नावेने ओलांडायची आणि बंदूकधारी वनरक्षकाच्या मागे पायी चालायचे. नदीचे पाणी इतके नितळ होते की तळाचे गोटे मोजता यावेत, आणि मला वाटले की पक्षी इथेच दिसणार. रक्षकाने मात्र नदीकडे पाहिलेही नाही. तासाभराने त्याने आम्हाला एका डबक्यापाशी आणले. डबकेच म्हणतो, कारण दुसरा शब्द सुचत नाही. फार तर दोन बॅडमिंटन कोर्टांएवढे पाणी, वर फांद्यांचे छत, पाण्यात पडून कुजलेले दोन बुंधे, पृष्ठभागावर हिरवट साय आणि वास असा की आपल्या गावात ते असते तर नगरपालिकेकडे अर्ज गेला असता. पाच मिनिटे काहीच दिसले नाही. मग पलीकडच्या काठाच्या अंधारात एक ठिपकेदार डोके पाण्यावरून सरकताना दिसले. नुसते डोके. अंग अंधारात आणि पाण्याच्या काळेपणात पार विरून गेले होते. त्याच्या मागे, जरा कमी ठिपक्यांचे की जास्त ते आता आठवत नाही, पण दुसरे डोके होते. बरोबरच्या एका गृहस्थांच्या कॅमेऱ्याचा आवाज झाला आणि दोन्ही पक्षी जड फडफडाटाने उठले. पंखांवरचे पांढरे दोनदा चमकले आणि झाडीत नाहीसे झाले. सारे मिळून मिनिटभराचे दर्शन. परतताना मला पक्ष्याइतकेच ते डबके आठवत राहिले, आणि इथून पुढे मला जे सांगायचे आहे ते मुख्यतः त्या डबक्याविषयी आणि त्याच्या काठच्या झाडांविषयी आहे.

या बदकाला जगण्यासाठी दोन गोष्टी शेजारीशेजारी लागतात. पहिली म्हणजे दाट जंगलातले, सावलीखालचे, संथ किंवा साचलेले पाणी: जंगलात वळणे घेत रेंगाळणारा ओहोळ, नदीने पात्र बदलताना मागे सोडलेला तुकडा, पावसाळ्यात भरून हिवाळाभर टिकणारा खोलगट भाग. तिथे त्याला गोगलगायी, किडे, लहान मासे, पाणवनस्पती आणि त्यांच्या बिया मिळतात. दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या झाडाची ढोली. हे बदक जमिनीवर किंवा बोरूत घरटे करीत नाही. त्याला उंचावरची, त्याच्या अंगाला पुरेल एवढी मोठी ढोली लागते. मादी त्यात सहा ते तेरा अंडी घालते, महिनाभराहून थोडे अधिक दिवस उबवते आणि पिल्ले अंड्यातून बाहेर आली की अशा साऱ्या बदकांच्या पिल्लांप्रमाणे वरून खाली उड्या टाकून आईमागे पाण्याकडे चालू लागतात. म्हणजे ढोली पाण्यापासून फार दूर असून भागत नाही. शिवाय बदकांच्या बहुतेक जातींत पंखांची मोठी पिसे एकदमच गळतात आणि नवी येईपर्यंत काही आठवडे पक्ष्याला उडता येत नाही. चार किलोंचे, उडता न येणारे, मांसासाठी नावाजलेले बदक उघड्या तळ्यावर किती दिवस राहील, याचा हिशेब कुणीही करावा. त्या काळात त्याला वाचवते ते पाण्यावर झुकलेले गचपण.

तीन किलोंच्या पक्ष्याला मावेल एवढी ढोली दहा-वीस वर्षांच्या झाडात होत नाही. फांदी मोडावी, तिथे पाणी मुरावे, बुरशीने गाभा खावा आणि तरीही झाड उभे राहावे, याला माणसाच्या आयुष्याहून मोठा काळ लागतो. वरच्या आसामच्या सखल जंगलांत अशी झाडे म्हणजे होलोंग. होलोंग हा आसामचा राज्यवृक्ष. सरळसोट, उंच, पहिली फांदी कितीतरी वर. त्याच्या जोडीला नाहोर, म्हणजे आपला नागचाफा. होलोंगचे दुर्दैव असे की त्याचे लाकूड प्लायवूडसाठी फार सोयीचे असते. मी तिनसुकियाला होतो तेव्हा त्या पट्ट्यात प्लायवूडचे कारखाने जोरात होते आणि आमच्या शाखेतली बरीचशी मोठी खाती त्यांचीच होती. तारण माल तपासण्यासाठी मला दर महिन्याला एका कारखान्याच्या आवारात जावे लागे. तिथला मुकादम ओंडक्यांच्या टोकांवर हातोडी मारीत पुढे चाले आणि मी वही घेऊन त्याच्या मागे. भरीव ओंडका टणक वाजला की तो खडूने आकडा टाकी. कुठे बद्द आवाज आला की तो हाताने ‘बाजूला’ अशी खूण करी, आणि मी तो ओंडका यादीतून वगळी. पोकळ ओंडक्याला तारणात किंमत नव्हती. तो जळणात जाई. एकदा अशा एका ओंडक्याच्या पोकळीत हात घालून मुकादमाने मूठभर करडी, मऊ पिसे बाहेर काढली आणि हसून वाऱ्यावर उडवली. ती कुणाची होती हे मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि आजही खात्रीने सांगता येणार नाही. घुबडाचीही असू शकतील. पण नामेरीहून परतल्यापासून ती यादी मला पुष्कळदा आठवते, कारण तीवर सही माझी असे.

१९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीसंबंधी जो आदेश दिला, त्याने ईशान्येकडची लाकूडतोड आवळली गेली आणि यांतले अनेक कारखाने बंद पडले. तोवर सखल भागातले जंगल आधी चहाच्या मळ्यांनी आणि मग कुऱ्हाडीने तुकड्यातुकड्यांचे करून ठेवले होते. त्यानंतरही शोणितपूर जिल्ह्यातली राखीव जंगले अतिक्रमणात मोठ्या प्रमाणावर साफ झाली. २०२० चे साल तर वरच्या आसामला फारच वाईट गेले. त्या एप्रिलमध्ये देहिंग पाटकाईच्या परिसरातल्या सालेकी येथे ९८.५९ हेक्टर वनजमीन कोळशाच्या खाणकामासाठी देण्याची शिफारस राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने केली आणि त्यावर देशभर गदारोळ झाला. २७ मे रोजी बागजान येथील वायुविहीर फुटली, ९ जूनला तिने पेट घेतला, आग विझवणाऱ्यांपैकी दोघांचा जीव गेला आणि विहीर पुरती बंद व्हायला नोव्हेंबर उजाडला. ही विहीर दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाच्या आणि मागुरी-मोटापुंग बिलाच्या लगत होती. बील म्हणजे आसामातले नैसर्गिक तळे. मागूर मासा पुष्कळ म्हणून हे मागुरी, आणि आपल्याकडे मांगूर म्हणतात तोच हा. दिब्रू-सैखोवा आणि देहिंग पाटकाई ही दोन्ही देओहाँहाच्या उरल्यासुरल्या घरांपैकी होत. देहिंग पाटकाईला पुढे २०२१ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

याच मागुरी बिलावर २०२१ च्या फेब्रुवारीत एक मँडरिन बदक उतरले. लाल चोच, भगव्या मिशा, पंखांवर नारिंगी शिडे उभारलेला हा देखणा नर पूर्व आशियातला. आसामात त्याची आधीची नोंद १९०२ सालची, त्यामुळे बातमी व्हायलाच हवी होती आणि ती सर्वत्र, मराठी वृत्तपत्रांतही, रंगीत छायाचित्रासह झाली. गंमत अशी की मँडरिनही जंगलातल्या ओढ्यांकाठचे आणि झाडाच्या ढोलीत अंडी घालणारे बदक आहे. पण तो चार दिवसांचा पाहुणा. ज्याचे ते घर, त्या देओहाँहाला मराठी वृत्तपत्रांत मी तरी यापूर्वी कधी जागा मिळालेली पाहिली नाही, आणि या वेळी मिळाली तर फोटो दुसऱ्याचा.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो, आणि ती आपल्या पुरवणीविषयी नाही. पाणथळ जागांचे रक्षण म्हटले की आपल्या मनात मोठे, उघडे, काठावर निरीक्षण मनोरा असलेले तळे येते. कागदोपत्रीही तेच चित्र आहे. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने २०११ मध्ये उपग्रहांच्या प्रतिमांवरून देशातल्या पाणथळ जागांचा जो नकाशासंग्रह सिद्ध केला, त्यात सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ जागांच्या सीमा आखल्या गेल्या. त्याहून लहान अशा ५,५५,५५७ जागा नुसत्या ठिपक्यांनी दाखवल्या गेल्या. पुढे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संरक्षणाचे जे आदेश दिले ते त्या दोन लाखांच्या यादीला धरून. सव्वादोन हेक्टर म्हणजे साडेपाच एकर. मी नामेरीत पाहिलेले पाणी दोन-चार गुंठ्यांपलीकडचे नव्हते आणि त्यावर झाडांचे छप्पर होते, त्यामुळे वरून पाहणाऱ्या यंत्राला ते ठिपक्याएवढेही दिसले असेल की नाही याची मला शंका आहे. त्याच वर्षीच्या पाणथळ नियमांतून वनक्षेत्रातल्या आणि अभयारण्यांतल्या जागा वगळल्या आहेत, कारण त्यांना वनकायद्यांचे संरक्षण आहे असे गृहीत धरले आहे. ते तर्काला धरून आहे, हे मी मान्य करतो. मात्र वनकायदा झाड पाहतो आणि जमिनीची हद्द पाहतो. हद्दीतले पाणी वरच्या अंगाला काढलेल्या चरामुळे आटले, मासेमारीसाठी उपसले गेले किंवा त्याच्या काठचा पोकळ वृक्ष ‘वठलेला’ म्हणून उतरवला गेला, तर हद्द जिथल्या तिथे राहते आणि बदक जाते.

हा पक्षी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. इंग्लंडमध्ये त्याची पैदासही करून झाली. आसामातल्या एका चहामळ्यावर रानातून आणून वाढवलेले पक्षी १९७० च्या सुमारास स्लिमब्रिज येथील पाणपक्षी केंद्रात गेले, तिथे त्यांची वीण वाढली, परंतु पक्ष्यांना होणाऱ्या क्षयाने त्या कळपांना पुन्हापुन्हा ग्रासले. ज्याला सावलीतले शांत पाणी आणि एकांत लागतो त्याला पिंजऱ्यात गर्दीने ठेवले की असे व्हायचेच, हे माझे मत. शास्त्रज्ञ याहून नेमके कारण सांगतील. एके काळी ईशान्य भारतापासून म्यानमार, थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम, मलेशिया, सुमात्रा आणि जावापर्यंत पसरलेला हा पक्षी मलेशियातून आणि जावातून नाहीसा झाला आहे, आणि सगळ्या जगात मिळून त्याची संख्या हजाराच्या आत असावी असे अंदाज गेली वीसेक वर्षे मांडले जात आहेत. अंदाज म्हणतो, कारण रात्री चरणारा आणि दिवसा सावली होऊन बसणारा पक्षी मोजणे मुळातच अवघड.

आणि मोजणे अवघड असण्यात एक निराळाच धोका आहे. बिहार-बंगालच्या पाणथळ रानांत गुलाबी डोक्याचे एक बदक होते. तेही लाजाळू, दाट गवतातल्या आणि झाडीतल्या डबक्यांत राहणारे. त्याची अंडी जवळजवळ चेंडूसारखी गोल असत. १९३० च्या दशकानंतर भारतात ते कुणाला खात्रीने दिसलेले नाही, आणि शेवटचे नेमके कुठे व कधी मेले हे कुणाला कळलेही नाही. तळ्यावर हजारांनी उतरणारी बदके कमी झाली की ओरड होते. डबक्यात जोडीने राहणारे बदक नाहीसे झाले तर ते ‘या वर्षी दिसले नाही’ एवढ्यावरच भागते, आणि असे म्हणण्यात कित्येक वर्षे निघून जातात.

यावर काय करावे, हे आसाम सरकारला सांगली जिल्ह्यातल्या एका निवृत्त माणसाने शिकवावे अशी अपेक्षा नाही. तिथे या विषयाला आयुष्य दिलेली माणसे आहेत. परंतु ज्या जंगलांत हा पक्षी उरला आहे तिथल्या डबक्यांची, कितीही लहान असोत, पायी फिरून यादी करावी, प्रत्येकाच्या काठची जुनी, पोकळ झाडे क्रमांक घालून उभीच ठेवावीत आणि पर्यटकांना त्यातल्या मोजक्याच ठिकाणी न्यावे, एवढे तरी सुचवावेसे वाटते. क्रमांक घालण्याचे काम फार अवघड नाही. आम्ही ओंडक्यांना घालीत होतोच. आपल्या वाचकांपैकी हल्ली बरेच जण कॅमेरे घेऊन नामेरीला आणि मागुरीला जातात. त्यांना विनंती एवढीच की वाटाड्याला जास्त पैसे देऊन पक्षी उठवायला लावू नये आणि मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. संध्याकाळी झाडीच्या कडेला गप्प उभे राहिले तर तो आपणहून ऐकू येण्याचा संभव अधिक, आणि माझ्या मते देओहाँह ही पाहण्याआधी ऐकण्याची गोष्ट आहे.

आपल्या राज्यात हा पक्षी नाही, पण ढोलीचा प्रश्न आपलाही आहे. कोकणातल्या देवरायांत धनेश त्याच ढोल्यांवर अवलंबून असतो. आपली अडई आणि काणूक ही बदकेही झाडांच्या पोकळीत अंडी घालतात. तरीही रस्त्याकडेचे किंवा तळ्याकाठचे वठलेले झाड दिसले की ते उतरवून त्या जागी दहा रोपे लावल्याची बातमी आपण कौतुकाने छापतो आणि वाचतो. रोपे लावू नयेत असे कोण म्हणेल? पण त्यांतल्या एकालाही ढोली यायला आपली नातवंडे म्हातारी व्हावी लागतील. आमच्या गावच्या तळ्याचे सुशोभीकरण झाले तेव्हा काठावरचा पोखरलेला जुना आंबा ‘धोकादायक’ ठरून गेला आणि त्या जागी दिव्याचा खांब आला. ठराव मांडला गेला तेव्हा मी सभेत हजर होतो आणि हात वर केला होता, हे इथे कबूल करतो.

शेवटी आपल्याला विनंती. पुढच्या पुरवणीत नावाची दुरुस्ती छापावी आणि देओहाँहाचे खरे छायाचित्र मिळाले तर द्यावे. ते अंधारे आणि अस्पष्ट असले तरी चालेल, तो दिसतो तसाच. नकट्याचे जे चित्र छापले गेले आहे ते मात्र टाकून देऊ नये. छायाचित्र उत्तम आहे, नर ऐन भरातला आहे आणि चोचीवरचा कोंब अगदी स्पष्ट आला आहे. पावसाळा सुरू झाला की विदर्भातल्या तलावांकाठी नकटे जोडीने ढोल्या शोधत हिंडू लागतात. तेव्हा ते त्याच्या स्वतःच्या नावाखाली पुन्हा छापता येईल.

आपला नम्र,
एक जुना वाचक
(निवृत्त बँक कर्मचारी), जि. सांगली